स्कॉटलंडमध्ये शिकायला गेलात तर मासेमारी आणि शूटिंग कसं सुरू करायचं, अगदी पहिल्यापासून

एडिंबराला पोचून मला दहा दिवसही झाले नव्हते. रत्नागिरीहून येताना बॅगेत हौसेने गळ आणि दोर टाकलेला, आणि शहराबाहेर एक छान नदी दिसली म्हणून तिथं जाऊन बसले. अर्ध्या तासात एक आजोबा आले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग एकदम शांतपणे विचारलं, परमिट आहे का? मी म्हटलं नदीला कसलं परमिट, नदी तर सगळ्यांची. ते हसले, मला सामान गुंडाळायला लावलं, आणि सोबत बसस्टॉपपर्यंत चालत येत सगळा कायदा समजावून सांगितला. त्या दिवशी जे कळलं तेच इथं सांगतेय, त्यात पुढच्या ३ वर्षांत केलेल्या चुकांची भर घालून.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा, की स्कॉटलंडमध्ये या दोन छंदांचा कायदा एकमेकांच्या बरोब्बर उलटा आहे. मासेमारीला सरकारी लायसन लागत नाही (इंग्लंडमध्ये लागतं, तिथल्या मित्रांचं ऐकून गोंधळू नका, इथं फक्त सीमेवरच्या बॉर्डर एस्क नदीच्या खोऱ्यात ते इंग्लंडचं लायसन लागतं), पण गोड्या पाण्यात मासेमारीचा हक्क कोणाचा ना कोणाचा असतोच आणि त्याची परवानगी घ्यावीच लागते. बंदुकीचं याच्या उलट, कायदा प्रचंड कडक आणि सर्टिफिकेटशिवाय घरी साधी छर्ऱ्याची बंदूकसुद्धा ठेवता येत नाही, पण युनिव्हर्सिटीच्या क्लबात गेलात तर पहिल्या महिन्यातच तुम्ही रायफल हातात धरून पडलेले असता. म्हणजे मासेमारीत आधी माणूस शोधायचा ज्याचं पाणी आहे, आणि शूटिंगमध्ये आधी क्लब शोधायचा ज्याच्याकडे कागद आहेत. स्वतःची खरेदी दोन्हीकडे सगळ्यात शेवटी.

सप्टेंबर: फ्रेशर्स वीक चुकवू नका

बहुतेक जण सप्टेंबरात येतात म्हणून तिथूनच सुरुवात करते. फ्रेशर्स वीकमध्ये, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या आठवड्यात, सगळे क्लब टेबलं मांडून बसलेले असतात. रायफल क्लब शोधा, आणि क्ले पिजन शूटिंगचा क्लब वेगळा असतो तो पण शोधा. एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज अशा जुन्या युनिव्हर्सिट्यांमध्ये रायफल क्लब आहेत. मासेमारीचा क्लब असेलच असं नाही, नसेल तर गावातला अँग्लिंग क्लब गाठायचा, तो स्कॉटलंडमध्ये जवळपास प्रत्येक छोट्या गावात असतो आणि तिथले काका नव्या पोराला शिकवायला फार उत्सुक असतात, कारण त्यांची स्वतःची पोरं येत नाहीत.

त्याच आठवड्यात अजून एक काम उरका. वय २२ च्या आत असेल तर स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना बस फुकट आहे, २०२२ पासून ही योजना चालू आहे आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनाही मिळते. ते कार्ड लगेच काढा. नद्या आणि लॉख (इथं तलावाला लॉख म्हणतात) सगळे शहराबाहेर, बसभाडं वाचलं की परमिटचे पैसे तिथूनच निघतात.

आणि घरच्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा, फोनवर 'मी बंदूक शिकतेय' म्हटल्यावर माझ्या आईला दोन रात्री झोप नव्हती.

रायफल क्लब: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा दरवाजा

माझं स्पष्ट मत आहे की शूटिंगची सुरुवात इथूनच करावी. पॉइंट टू टू ची म्हणजे बारीक गोळीची रायफल, इनडोअर रेंज, २५ यार्ड अंतर, पोटावर झोपून नेम धरायचा. बाहेर पाऊस पडतोय की दुपारी ४ वाजता अंधार झालाय याने काही फरक पडत नाही, आणि स्कॉटलंडच्या हिवाळ्यात हे फार मोठं सुख आहे. रायफल, जॅकेट, ग्लोव्ह, स्लिंग (रायफल दंडाला बांधायचा पट्टा), कानावरचे मफ सगळं क्लबचं. तुम्ही फक्त युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स युनियनची आणि क्लबची फी भरायची.

कायदा असा आहे की सरकारमान्य रायफल क्लबच्या सभासदाला क्लबच्या कामापुरती, टार्गेट शूटिंगसाठी, स्वतःच्या सर्टिफिकेटशिवाय रायफल वापरता येते. पण आधी किमान ३ महिने प्रोबेशन असतं, त्या काळात कोणीतरी अनुभवी माणूस तुमच्या शेजारीच असतो. फॉर्मवर गुन्ह्यांची माहिती, आधी कधी सर्टिफिकेट नाकारलं होतं का वगैरे विचारतात, खरं ते लिहायचं. माझ्या बॅचच्या एकाने फॉर्म भरायला दोन महिने आळस केला आणि मग स्पर्धेच्या वेळी तोंड पाडून बसला.

पहिल्या संध्याकाळी काय होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. आधी अर्धा तास फक्त सेफ्टी. नळी कायम टार्गेटच्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, रायफल उघडी आणि रिकामी असल्याचं दुसऱ्याला दाखवून मगच जागेवरून उठायचं, आणि कोणीही, अगदी काल आलेला पोरगासुद्धा, 'स्टॉप' ओरडला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग मॅटवर झोपवतात, शरीर रायफलच्या रेषेपेक्षा जरा तिरकं, डावं कोपर रायफलच्या खाली, स्लिंग दंडाला घट्ट. इतकं घट्ट की हात बधिर होतो, पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी चुकलंय. मग श्वास, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि ट्रिगर ओढायचा नाही तर दाबत जायचा, गोळी कधी सुटली ते तुमचं तुम्हालाच कळू नये इतकं हळू. कागदाच्या कार्डावर दहा गोल, प्रत्येकात एक गोळी, एकूण १०० पैकी मार्क. माझे पहिले मार्क ४१ होते, वर्षअखेरीस ९० च्या आसपास आले. याला ताकद लागत नाही, संयम लागतो, आणि यात मुली मुलांच्या बरोबरीने असतात किंवा पुढे असतात.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे, सगळे तिथलेच. २०१४ ची कॉमनवेल्थ ग्लासगोला झाली तेव्हा शूटिंग डंडीजवळच्या बॅरी बडन रेंजवर होतं आणि राहीने २५ मीटर पिस्तुलात गोल्ड घेतलं ते तिथंच. पण तुम्ही पिस्तूल शिकायला म्हणून इथं येऊ नका. १३ मार्च १९९६ ला स्टर्लिंगजवळच्या डनब्लेन गावात एकाने शाळेत शिरून १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं, त्यानंतर १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये जवळपास सगळ्या हँडगनवर बंदी आली, २०१४ च्या स्पर्धेसाठीसुद्धा खास परवानगी काढावी लागली होती. इथल्या लोकांच्या मनात ते अजून ताजं आहे. म्हणून बंदुकीवरून टवाळ विनोद, क्लबच्या रायफलसोबत पोझ देऊन इन्स्टावर स्टोरी, असलं काही करायचं नाही. माझ्या फ्लॅटमेटची आई डनब्लेनची होती, मला हे कळायला सहा महिने लागले आणि तोवर मी बरीच बडबड केलेली.

क्ले पिजन म्हणजे मातीची कबुतरं

खरी कबुतरं नाहीत, मशीनमधून उडणाऱ्या बशीएवढ्या चकत्या. इथं शॉटगन असते, बहुतेक वेळा १२ बोरची, हाताने पेलवत नसेल तर २० बोर मागून घ्या, त्यात लाज काही नाही. पोलिसांनी मंजूर केलेल्या क्ले मैदानावर, ठरलेल्या वेळी, सर्टिफिकेट नसलेला माणूससुद्धा चकत्यांवर शॉटगन चालवू शकतो, म्हणून पहिला धडा घ्यायला कागदपत्रांचा काही त्रास नाही. युनिव्हर्सिटीच्या क्लबसोबत जा, मिनीबस आणि काडतुसांचा खर्च वाटला जातो. तरी रायफलपेक्षा हे महागच, २५ चकत्यांचा एक राऊंड कधी संपतो कळत नाही आणि दुसरा मारायचा मोह आवरत नाही.

शिकताना तीन गोष्टी. तुमचा प्रबळ डोळा कुठला ते आधी बघून घ्या, दोन्ही हातांच्या तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते तो तुमचा डोळा. बंदुकीचा दस्ता गालाला आणि खांद्याला घट्ट लावा, सैल धरलात तर दुसऱ्या दिवशी खांदा निळा. आणि चकतीवर नेम धरून थांबू नका, हात चालता ठेवा, क्रिकेटमध्ये धावत कॅच घेताना आपण जसं बॉल पडेल तिथं आधी पोचतो तसंच. बाकी वेळ बंदूक मधून मोडून, उघडी, हातावर.

स्वतःची बंदूक? बहुतेकांनी विसरा

स्वतःचं शॉटगन सर्टिफिकेट पोलीस स्कॉटलंडकडून मिळतं, ५ वर्षांचं. त्यासाठी डॉक्टरकडून तब्येतीची माहिती, घरी भिंतीला बोल्ट केलेलं स्टीलचं कपाट, पोलिसांची घरभेट आणि किमान २ वर्षं तुम्हाला ओळखणारा, ब्रिटनमध्ये राहणारा रेफरी, म्हणजे तुमच्याबद्दल खात्री देणारा माणूस, लागतो. आता १ वर्षाच्या मास्टर्सला आलेल्या माणसाने २ वर्षांची ओळख कुठून आणायची? आणि हॉस्टेलची खोली तर सोडाच, तिथं शस्त्र ठेवायला सक्त मनाई असते. चार वर्षांच्या डिग्रीला किंवा पीएचडीला असाल तर विचार करा, नाहीतर क्लबची बंदूक झिंदाबाद.

एअर गनबद्दल मुद्दाम वेगळं सांगते कारण आपली पोरं इथंच अडकतात. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला जी असते तशीच वस्तू, पण स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून १ ज्यूलच्या वरच्या एअर गनला सर्टिफिकेट लागतं. इंग्लंडमध्ये साधारण एअर रायफलला लागत नाही. म्हणजे मँचेस्टरच्या मित्राने प्रेमाने गाडीतून आणून दिली तरी इथं तुम्ही गुन्हेगार.

ऑक्टोबर ते जानेवारी: हाकारे घालायला जा

शिकार म्हटलं की ट्वीडचे कोट घातलेले जमीनदार डोळ्यांपुढे येतात, आणि ते चुकीचं नाही, ग्राउझ पक्ष्याची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते आणि तिचा एका दिवसाचा खर्च ऐकून आपण निमूटपणे घरी जावं. पण त्या जमीनदारांना हाकारे लागतात. इथं त्यांना बीटर म्हणतात. झाडीतून एका रांगेत काठी आपटत, झेंडा फडफडवत चालायचं आणि फेझंट (कोंबडीएवढे रानपक्षी) उडवायचे. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. दिवसाचा मेहनताना, गरम सूप, आणि संध्याकाळी बऱ्याचदा दोन पक्षी हातात. हंगाम संपताना काही ठिकाणी बीटर्स डे असतो, त्या दिवशी हाकाऱ्यांनाच शूट करायला देतात. नियम, पक्षी, कुत्री, वारा सगळं यातूनच शिकता येतं, आणि गेमकीपरशी, म्हणजे शिकारीचं रान सांभाळणाऱ्याशी, एकदा ओळख झाली की पुढची दारं आपोआप उघडतात.

फक्त एक मोठा धोका. पैसे घेतलेत की ते काम झालं. स्टुडंट व्हिसावर डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्ममध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं आणि स्वतंत्र धंदा म्हणून काम अजिबात नाही. कॅफेत २० तास करून वर शनिवारी हाकारे, असं जमणार नाही. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारून घ्या.

फेझंट शिजवायचा तर गावठी कोंबडीसारखा, बारक्या आचेवर भरपूर वेळ, मालवणी मसाल्यात मस्त लागतो. पण जपून चावा, छर्रा दाताखाली आला की ब्रह्मांड आठवतं. हरणाच्या शिकारीबद्दल मी फार लिहीत नाही, ती रायफलने, जाणकार स्टॉकरसोबत (हरणाचा माग काढणारा), डोंगरात दिवसभर रांगत करायची गोष्ट आहे, विद्यार्थ्याच्या खिशाची नाही.

मासेमारी: कॅलेंडर बघून पाणी निवडा

ब्राऊन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. म्हणजे सप्टेंबरात आलात तर जेमतेम तीनेक आठवडे मिळतात, मग सरळ मार्च. मधल्या थंडीत ग्रेलिंग नावाचा सुंदर मासा आहे, पाठीवर शिडासारखा मोठा पर, क्लाईड, ट्वीड आणि टे नद्यांत मिळतो, आणि त्याचं परमिट सॅल्मनच्या मानाने अगदीच स्वस्त. तलावात सोडलेला रेनबो ट्राउट वर्षभर चालतो आणि कॅनॉलमध्ये पाईक, पर्च हेही वर्षभर, कारण त्यांना कायद्याने बंद हंगाम नाही. पाईकसाठी जिवंत मासा आमिष म्हणून लावणं मात्र बेकायदा आहे.

सॅल्मनचं प्रकरण वेगळं. लेखी परवानगीशिवाय सॅल्मनला गळ टाकणं हा सरळ गुन्हा. रविवारी सॅल्मनची मासेमारी बंद, आणि विद्यार्थ्याला मोकळा वार नेमका रविवारच. प्रत्येक नदीचा हंगाम वेगळा, टे १५ जानेवारीला उघडते तर ट्वीड १ फेब्रुवारीला. १ एप्रिलच्या आधी पकडलेला प्रत्येक सॅल्मन परत सोडायचा, आणि ज्या नद्यांत मासे कमी झालेत तिथं वर्षभर सोडायचा. पकडलेला विकायचा तर नाहीच. नामांकित नदीच्या चांगल्या पट्ट्यावर दिवसाला शेकडो पौंड मोजतात लोक. मी ३ वर्षांत दोनदा गेले, क्लबच्या स्वस्त पट्ट्यावर, आणि एकही लागला नाही, तरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते लांबलचक स्पे कास्टिंग (मोठ्या रॉडने लाईन फेकायची पद्धत) शिकले याचाच आनंद. (आणि हो, आपल्याकडे रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात ते नुसतं नावापुरतं, नातं काही नाही.)

परमिट कुठं मिळतं? क्लबच्या वेबसाईटवर, गावातल्या टॅकल शॉपमध्ये (मासेमारीच्या सामानाचं दुकान), कधी पोस्टात किंवा पेट्रोल पंपावर. टॅकल शॉपमध्ये जाणं मला सगळ्यात बरं वाटतं, परमिटसोबत फुकट सल्ला मिळतो, आज कुठली फ्लाय (पिसांचा, किड्यासारखा दिसणारा नकली गळ) चालतेय, कुठल्या कोपऱ्यात खोल आहे. स्कॉटलंडमध्ये कुठेही पायी फिरायचा हक्क आहे म्हणून लोक समजतात गळही टाकता येतो, पण २००३ च्या त्या कायद्यात मासेमारी आणि शिकार धरलेलीच नाही. नदीकाठी बसा, डबा खा, गळ नको.

पहिल्या दिवशी रेनबो ट्राउटच्या तलावावर जा, एखादा तास शिकवणारा घ्या आणि रॉड भाड्याने. मासा लागण्याची शक्यता तिथं सगळ्यात जास्त, आणि पहिला मासा लागला नाही तर बहुतेक जण परत येतच नाहीत. नंतर लॉख लेव्हन किंवा लेक ऑफ मेंटीथ, चौघांनी मिळून दोन बोटी घ्या, भाडं वाटून जातं. लॉख लेव्हनचा ब्राऊन ट्राउट तर जगप्रसिद्ध. काश्मीरच्या ओढ्यांतला ट्राउटसुद्धा मूळ स्कॉटलंडचा, १९०० च्या सुमारास इथून अंडी बर्फात घालून नेलेली.

खरेदीची वेळ आली की जुना सेट घ्या, ९ ते १० फुटी, ६ किंवा ७ वेटचा (हा लाईनच्या वजनाचा नंबर) फ्लाय रॉड, पाण्यावर तरंगणारी फ्लोटिंग लाईन, ५-६ पौंडाचा लीडर म्हणजे लाईनच्या टोकाचा बारीक दोरा. फ्लाय चार पुरेत, ब्लॅक पेनेल, केट मॅकलारेन, बिबियो आणि सोल्जर पामर. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी कायम, वाऱ्याने हुक तोंडावर येतो. कास्टिंगचा सराव पार्कातल्या गवतावर करा, हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. रॉड मागे नेलात की क्षणभर थांबायचं, लाईन मागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे. सगळे नवखे घाई करतात आणि चाबकासारखा आवाज येऊन फ्लाय तुटते. भारतातून रॉड, वेडर (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट) आणलं असेल तर पाण्यात नेण्याआधी निर्जंतुक करून कोरडं करा, गायरोडॅक्टिलस नावाचा परजीवी अजून इथं आलेला नाही आणि येऊ नये म्हणून हे लोक फार जपतात.

मासे कापायची सुरी हा अजून एक फास. स्कॉटलंडमध्ये खिशात फक्त घडीचा आणि ३ इंचांच्या आतल्या पात्याचा चाकू चालतो. मोठी सुरी टॅकलच्या डब्यात, मासेमारीला जाता-येतानाच, आणि परतताना पबमध्ये शिरायचं असेल तर आधी डबा घरी ठेवा.

मे ते सप्टेंबर मिजेस नावाची बारकी चिलटं जीव नकोसा करतात, जाळीची टोपी घ्या. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा, लाईम नावाचा आजार होतो. पाण्यात उतरताना वेडरचा पट्टा घट्ट, बोटीत लाइफ जॅकेट, आणि विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरायचा नाही.

आणि ज्याच्याकडे अजिबात पैसे नाहीत त्याच्यासाठी

समुद्र. किनाऱ्यावरून गळ टाकायला लायसन नाही, आणि सॅल्मन किंवा सी ट्राउटच्या मागे नसाल तर परमिटही नाही, फक्त बंदरावर 'मासेमारी मना' अशी पाटी आहे का ते बघायचं. जुलै-ऑगस्टात फाईफच्या अँस्ट्रुथरसारख्या बंदरांच्या धक्क्यावरून लोक मॅकरेल पकडतात, पिसं बांधलेल्या हुकांची माळ खाली सोडायची, वर खेचायची, थवा आला की एकाच वेळी तीन-चार लागतात. हा मासा म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला चुलत भाऊ, तेल जरा जास्त. खाण्यापुरतेच घ्या. मी फ्लॅटवर तिरफळं घालून आमटी केली होती, फायर अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये उभी, आणि वरच्या मजल्यावरचा ॲबरडीनचा पोरगा ताट घेऊनच खाली आला.